बारा प्रोसेसर उठवताना: कर्नलच्या बूट-कोडच्या साफसफाईच्या नोंदी

९ जून, हर्णै

मृग लागला आणि कालपासून पावसाने धरून ठेवलंय. मासेमारीची बंदी ३१ जुलैपर्यंत आहे. होड्या आंजर्ल्याच्या खाडीत नेऊन बांधल्यात, बंदरावरचा लिलाव बंद. हंगामात बर्फ, डिझेल आणि खलाशांचे हिशोब माझ्याकडे असतात, त्यातून सलग चार तास कधी हाती लागत नाहीत. हे काम सलग बसल्याशिवाय होणार नाही, म्हणून या दोन महिन्यांसाठी राखून ठेवलं होतं.

काम असं: आमच्या छोट्या कर्नलमधली (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा), बूटच्या म्हणजे मशीन सुरू होण्याच्या वेळी अनेक प्रोसेसर सुरू करणारी फाइल साफ करायची. कर्नल शिकण्या-शिकवण्यासाठी लिहिलेला आहे, एक्स८६ म्हणजे इंटेल-एएमडी प्रकारच्या प्रोसेसरांसाठी, ६४-बिट. ही त्यातली सर्वांत जुनी फाइल. आधी ३२-बिटसाठी लिहिली, मग तिच्यावर ६४-बिटचं कलम बांधलं, मग नव्या इंटरप्ट कंट्रोलरसाठी (प्रोसेसरचं लक्ष वेधणारे इशारे पोचवणारा भाग) जागोजागी ‘जर-तर’ घातले. आज तिच्या ९०० ओळी झाल्यात आणि मला स्वतःला त्यातल्या निम्म्यांचं कारण सांगता येत नाही.

दुखणं नेमकं कुठे आहे तेही लिहून ठेवतो. चार कोरच्या जुन्या डेस्कटॉपवर सगळं सुरळीत चालतं. बारा प्रोसेसर दाखवणाऱ्या नव्या मशीनवर दहा-बारा वेळा बूट केलं की एखाद्या वेळी शेड्यूलर (कुठलं काम कुठे चालवायचं ते ठरवणारा भाग) सुरू होताच सगळं गोठतं. गेल्या वर्षी मी एका ठिकाणचं थांबणं ५० मिलिसेकंदांवरून १०० केलं. गोठण्याचं प्रमाण कमी झालं, पण संपलं नाही. ती दुरुस्ती नव्हती.

११ जून

आधी नीट वाचून काढलं की प्रोसेसर प्रत्यक्षात करतो काय.

मशीन सुरू होताना हार्डवेअर एकाच प्रोसेसरला पुढे करतं. बायोस तोच चालवतो, कर्नलही तोच आणतो. त्याला या नोंदींत मी ‘मुख्य’ म्हणेन. बाकीचे ‘स्टार्टअप आयपीआय’ची वाट पाहत थांबलेले असतात. आयपीआय म्हणजे एका प्रोसेसरने दुसऱ्याला पाठवलेला इंटरप्ट. इथे ती पहिली हाक. या हाकेबरोबर एकच बाइट माहिती जाते, मेमरीच्या पानाचा क्रमांक. ०८ पाठवलं तर समोरचा हेक्स (सोळाच्या पायातला) ८००० या पत्त्यापासून धावू लागतो. एकच बाइट असल्यामुळे हा पत्ता पहिल्या १ एमबीतच असावा लागतो, तोही ४ केबीच्या सीमेवर.

आणि तो उठतो तो १६-बिट रिअल मोडमध्ये, १९७८ च्या ८०८६ सारखा. मुख्य प्रोसेसर केव्हाच ६४-बिटमध्ये पोचलेला असतो. नव्याने उठलेल्याला मात्र सगळ्या पायऱ्या पुन्हा चढाव्या लागतात: सेगमेंटचा तक्ता, प्रोटेक्टेड मोड, पेज टेबल (मेमरीच्या पानांचा नकाशा), लाँग मोड (६४-बिटचा), पेजिंग, मग ६४-बिट कोडमध्ये उडी. या पायऱ्यांचा चिमुकला कोड म्हणजे ट्रॅम्पोलिन. तो खालच्या मेमरीत नेऊन ठेवायचा आणि मगच हाक मारायची.

हाकेचा क्रम इंटेलच्या मल्टिप्रोसेसर स्पेसिफिकेशनमध्ये, १९९७ च्या १.४ आवृत्तीत, स्पष्ट दिलाय: आधी ‘इनिट’ (प्रोसेसरला सुरुवातीच्या स्थितीत नेणारा संदेश), मग १० मिलिसेकंद थांबा, मग स्टार्टअपची हाक, २०० मायक्रोसेकंद थांबा, पुन्हा तीच हाक. पहिल्याच हाकेला उठलेला प्रोसेसर दुसऱ्या हाकेकडे लक्ष देत नाही, त्यामुळे ती निरुपद्रवी आहे.

१४ जून

आज फाइलमधली सगळी थांबण्याची ठिकाणं वहीत उतरवून काढली. सहा निघाली. त्यातली दोनच वर सांगितलेल्या कागदावरची. उरलेली चार आमची, म्हणजे माझी. एकीवर ‘याशिवाय चालत नाही’ एवढीच टिप्पणी आहे.

काही ओळी तर सरळ काढून टाकल्या. सीएमओएसमध्ये शटडाउन कोड लिहून ४०:६७ या पत्त्यावर उडीचा पत्ता ठेवणं हा सोपस्कार ८२४८९डीएक्स या जुन्या, वेगळ्या चिपवरच्या कंट्रोलरसाठी होता. ‘इनिट’ मागे घेण्याचा संदेशही त्याच काळातला. पेंटियम ४ पासून इंटेलचे प्रोसेसर तो मानतच नाहीत. ६४-बिट कर्नल ज्या मशीनवर चालूच शकत नाही, त्या मशीनसाठीचा कोड आम्ही सांभाळत बसलो होतो. ७० ओळी गेल्या.

संध्याकाळी बाबांना विचारलं, खाडीच्या तोंडाशी आल्यावर आत शिरायला किती वेळ थांबायचात? ते चाळीस वर्षं तांडेल, म्हणजे होडीचे प्रमुख, होते. त्यांना प्रश्नच पटला नाही. म्हणाले, “वेळ कसला? मोहरीच्या खडकावर पाणी चढलं की आत घ्यायची. भांगाची भरती असली तर उशीर, उधाण असलं तर लगेच.” घड्याळ बघून आत घातलेली होडी वाळूवर बसते, हे त्यांना वेगळं सांगावं लागलं नाही.

वहीत त्या चार ओळींपुढे लिहिलं: ‘इथे आपण नक्की काय दिसण्याची वाट पाहतोय?’ चारही ठिकाणी उत्तर एकच निघालं: नवा प्रोसेसर तयार झाला की नाही. ते विचारून घेण्याऐवजी आम्ही अंदाज बांधत होतो.

१९ जून

आज मूळ सापडलं. श्रेय भाचीचं. ती रत्नागिरीला इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, सुट्टीसाठी आलीये. मी गोठलेल्या बूटांचे सिरियल केबलवरून साठवलेले लॉग तिला वाचायला दिले होते.

“मामा, तू म्हणतोस अकरा उठले. पण यात ‘११ तयार’ दोनदा आलंय. आणि ३ कुठेच नाहीये.”

तीन लॉग पुन्हा काढून पाहिले. तिन्हींत तेच: मधला कुठलातरी एक क्रमांक गायब आणि शेवटचा दोनदा. एकात ३ नाही, एकात ७ नाही, एकात पुन्हा ३.

जुना कोड असा चालायचा. मुख्य प्रोसेसर एका ग्लोबल व्हेरिएबलमध्ये क्रमांक ठेवतो, समजा ३. तयारीची खूण पुसतो, हाक मारतो आणि १०० मिलिसेकंदांपर्यंत खुणेची वाट पाहतो. नवा प्रोसेसर उठतो, आपल्या क्षमतांची एक लांब ओळ सिरियलवर छापतो, त्यानंतर त्या व्हेरिएबलमधून स्वतःचा क्रमांक उचलतो आणि खूण करतो.

ती ओळ साधारण ८० अक्षरांची. सिरियलचा वेग ९६००, म्हणजे स्टार्ट आणि स्टॉप बिट धरून सेकंदाला ९६० अक्षरं. ओळ संपायला ८३ मिलिसेकंद लागतात. १०० मध्ये १७ च शिल्लक. त्यात ते १०० खरे १०० नव्हतेच: थांबण्यासाठी रिकामं लूप फिरवत होतो, त्याचे फेरे बूटच्या अगदी सुरुवातीला मोजलेले. पुढे प्रोसेसरने वेग वाढवला की तेवढेच फेरे लवकर संपतात.

मग काय होतं? ३ अजून छापतोच आहे आणि मुख्याचा धीर सुटतो. तो व्हेरिएबलमध्ये ४ लिहून पुढच्याला हाक मारतो. ३ ची ओळ संपते, तो क्रमांक उचलतो, तर हाती ४ येतात. खूण करतो. मुख्याला वाटतं ४ तयार झाला. तो ५ लिहितो. खरा ४ आता ५ उचलतो. अशी एकेका जागेने सगळी रांग सरकत जाते. शेवटी दहावा ११ उचलतो, आणि अकराव्यासाठीही ११ च उरलेले असतात. दोघांचा क्रमांक एक, म्हणून दोघांचा निष्क्रिय टास्क एक, म्हणून स्टॅकही (चालू कामाच्या नोंदी ठेवायची मेमरी) एकच. शेड्यूलर सुरू झाला की दोन प्रोसेसर एकाच स्टॅकवर लिहू लागतात. मशीन न गोठलं तरच नवल.

खात्री करायला जुन्या कोडमध्ये तिसऱ्या प्रोसेसरला मुद्दाम १५० मिलिसेकंद उशीर करायला लावला. क्यूएमूवर (मशीनची नक्कल करणारा प्रोग्रॅम) बारा प्रोसेसर घेऊन वीस वेळा बूट केलं. वीसच्या वीस वेळा ३ गायब, ११ दोनदा.

रात्री झोप लागेना. वर्षभर जी ओळ लांबवत होतो तिच्यात दोष नव्हता. एकाच ताटातून सगळ्यांना वाढायचं आणि कोण जेवला हे घड्याळावरून ठरवायचं, ही मांडणीच चुकीची होती.

२२ जून

आर्द्रा. सकाळपासून वीज नाही. लॅपटॉप बाजूला ठेवून कागदावर नवी मांडणी काढली, आणि तेच बरं झालं.

प्रत्येक प्रोसेसरला स्वतःचा स्लॉट. त्यात त्याचा हार्डवेअर क्रमांक, आमचा क्रमांक, स्टॅकचा पत्ता, त्याच्या खास मेमरीचा पत्ता आणि एक स्थिती. स्लॉट मुख्य प्रोसेसर आधी पूर्ण भरणार, मगच हाक मारणार. ट्रॅम्पोलिनमध्ये उठलेला प्रोसेसर सीपीयूआयडी सूचनेने स्वतःचा हार्डवेअर क्रमांक विचारतो, यादीत आपला स्लॉट शोधतो, आणि तो सापडेपर्यंत स्टॅक वापरतच नाही, सगळं प्रोसेसरच्या आतल्या रजिस्टरमध्येच. त्यामुळे एकाच वेळी कितीही जण ट्रॅम्पोलिनमधून गेले तरी हरकत नाही.

हार्डवेअर क्रमांक सलग असतात असंही जुना कोड धरून चालला होता. तसे ते नसतात. फर्मवेअर देतं त्या एसीपीआयच्या तक्त्यात मधले क्रमांक गाळलेले असतात, काही नोंदी ‘वापरात नाही’ अशाही असतात. म्हणून शोध यादीतूनच. क्रमांक हाच अ‍ॅरेचा निर्देशांक, हे बंद.

स्थिती पाच: रिकामा, हाक मारली, जागा, चालू, सोडून दिला.

शेवटच्या स्थितीवर सर्वांत जास्त वेळ गेला. एखादा प्रोसेसर उठलाच नाही तर मुख्याला कायम थांबून चालणार नाही, कधीतरी पुढे जावंच लागेल. पण तो उशिरा उठला तर? म्हणून दोघांनीही स्थिती एकाच अविभाज्य सूचनेने बदलायची: ‘हाक मारली असेल तरच बदल’. उठणारा तिचं ‘जागा’ करू पाहतो, कंटाळलेला मुख्य तिचं ‘सोडून दिला’ करू पाहतो. दोघांपैकी एकच यशस्वी होतो. उठणारा हरला तर इंटरप्ट बंद करून तिथेच कायमचा थांबतो, कशालाही हात लावत नाही. मुख्य हरला तर त्याला कळतं की समोरचा ऐन वेळी पोचलाय, आणि तो त्याला सोबत घेतो. टाइमआउट राहिला, पण आता तो चुकला तर एक प्रोसेसर कमी मिळेल. मशीन गोठणार नाही.

याला एक पुरवणी: कुणी ‘सोडून दिला’ असेल तर ट्रॅम्पोलिनचं पान मोकळं करायचं नाही. तो नंतर कधीही त्या पत्त्यावर उठू शकतो.

२७ जून

लिहून झालं. पहिल्याच बूटमध्ये मशीन रीसेट.

क्यूएमूला इंटरप्टचा लॉग मागितला. पेज फॉल्ट (मेमरीचं पान वापरताना झालेली चूक), एरर कोड हेक्स बी. लगेच डबल फॉल्ट, लगेच ट्रिपल फॉल्ट. हेक्स बी म्हणजे पान आहे, लिहिताना चूक झाली, आणि पेज टेबलमध्ये राखीव बिट लागलेला आढळला. राखीव बिट कुठून आला म्हणून तासभर पेज टेबल चाळलं. ते अगदी बरोबर होतं.

कारण ट्रॅम्पोलिनमध्ये होतं. आमच्या स्टॅकच्या पानांवर ‘इथला कोड चालवू नये’ असं सांगणारा ६३ वा बिट लावलेला असतो. पण त्या बिटाला अर्थ येतो तो इएफइआर रजिस्टरमधला ११ वा बिट लावल्यावर. ट्रॅम्पोलिन तिथे फक्त लाँग मोडचा ८ वा बिट लावत होतं. जुना कोड सुरुवातीला साध्या पानांवरचा तात्पुरता स्टॅक वापरायचा आणि ११ वा बिट पुढे सी भाषेतल्या कोडमध्ये लावायचा, म्हणून हे कधी उघडकीस आलं नाही. आता पहिल्याच लिहिण्याला खरा स्टॅक. दोन्ही बिट एकत्र लावले, चाललं.

मुख्य प्रोसेसरची तयार रजिस्टर-मूल्यंच स्लॉटांच्या यादीशेजारी ठेवावीत आणि सगळ्यांनी तीच घ्यावीत, असं ठरवलं. दोन ठिकाणी हाताने लिहिलेली यादी कधी ना कधी वेगळी होतेच.

४ जुलै

दुसरी अशीच गोष्ट. सगळे उठतात, पण काहीजण स्वतःचा क्रमांक अब्जांत सांगतात.

आम्ही प्रत्येक प्रोसेसरच्या खास मेमरीचा पत्ता जीएस सेगमेंटच्या बेसमध्ये (सुरुवातीच्या पत्त्यात) ठेवतो. फाइल आवरताना मी सेगमेंट भरण्याचं फंक्शन बेस लिहिल्यानंतर नेलं. जीएसमध्ये सिलेक्टर भरला की बेस तक्त्यातल्या मूल्याने, आमच्याकडे शून्याने, पुसला जातो. मग ‘माझा क्रमांक काय’ हे शून्याजवळच्या पत्त्यावरून वाचलं जातं, आणि ट्रॅम्पोलिनसाठी खालची मेमरी अजून जोडलेली असल्यामुळे फॉल्टही येत नाही. बायोसने तिथे ठेवलेला इंटरप्ट तक्ता क्रमांक म्हणून हाती येतो.

क्रम दुरुस्त केला. त्याहून महत्त्वाचं, प्रत्येक प्रोसेसर ६४-बिटमध्ये पोचताच खालची मेमरी नसलेल्या पेज टेबलवर जातो. पुन्हा असं कुणी केलं तर लगेच फॉल्ट येईल. चूक झालीच तर ती जागच्या जागी ओरडली पाहिजे.

६ जुलै

पुनर्वसू लागला, आमच्याकडचा तरणा पाऊस. घराच्या मागची गडग कोसळली, दोन दिवस त्यात जाणार. नोंद नाही.

१२ जुलै

भाचीशी मेमरीच्या क्रमावरून लांब चर्चा. तिचं म्हणणं, “सगळीकडे व्होलाटाइल लिहिलंय की तू, मग अजून काय हवं?”

व्होलाटाइल या सीमधल्या शब्दाने कंपायलर ते वाचन-लेखन गाळत नाही, एवढंच. आजूबाजूचं साधं लेखन त्याच्या अलीकडे-पलीकडे सरकवायला तो मोकळा असतो. म्हणजे ‘स्थिती: जागा’ आधी आणि स्टॅकची तयारी नंतर, असंही घडू शकतं. एक्स८६ चा प्रोसेसर स्वतः दोन लेखनांचा क्रम सहसा पाळतो, म्हणून इतकी वर्षं निभावलं. एआरएम किंवा रिस्क-फाइव्ह या वेगळ्या घडणींत प्रोसेसरही क्रम बदलतो. स्थितीचं प्रत्येक लेखन आता ‘रिलीज’ (आधीचं सगळं आधीच राहील असं), वाचन ‘अ‍ॅक्वायर’ (नंतरचं सगळं नंतरच राहील असं). कॉलेजात तिला एक्सव्ही६ हा शिकवण्यासाठीचा छोटा कर्नल शिकवलाय. त्याच्या रिस्क-फाइव्ह आवृत्तीत बाकीचे कोर ‘स्टार्टेड’ या खुणेवर थांबतात आणि खुणेच्या आधी-नंतर मेमरी बॅरिअर आहे. ती ओळ तिने पाठ केली होती. आज तिला ती का आहे ते दिसलं. तिचा चेहरा बघून मलाच बरं वाटलं.

हाच विचार आणखी एका जागी लागू झाला. इंटरप्ट कंट्रोलरच्या नव्या, एक्स२एपिक पद्धतीत हाक मारण्यासाठी एमएसआर रजिस्टरमध्ये लिहावं लागतं, आणि ते लेखन आधीची लेखनं पोचण्याची वाट पाहत नाही. स्लॉट भरला आणि लगेच हाक मारली तर हाक आधी पोचू शकते. हाकेपूर्वी फेन्स, म्हणजे आधीची लेखनं पोचेपर्यंत थांबवणारी सूचना, घातली. जुन्या कोडमध्ये ती नव्हतीच.

२० जुलै

आज क्रम बदलला. आता प्रत्येकाचा स्लॉट वेगळा आहे, तर एकेकाला उठवत बसण्याचं कारण उरलं नाही. आधी सगळ्यांना इनिट, सगळ्यांसाठी मिळून एकदाच १० मिलिसेकंद, मग एकेकाला हाक. लिनक्सनेही या वाटेने जायला बरीच वर्षं घेतली: २०१६ मध्ये ४.६ आवृत्तीत प्रोसेसर सुरू-बंद करण्याची पायऱ्यांची नीट मांडणी आली, आणि एक्स८६ वर प्रोसेसर समांतर उठवणं २०२३ च्या ६.५ मध्ये. आधी स्थिती स्पष्ट करणं, मग समांतर करणं. उलट क्रमाने गेलो असतो तर त्याच सरकत्या रांगेत अडकलो असतो.

वेळ मोजायला रिकामं लूप गेलं. जुन्या पीआयटी टायमरच्या १.१९३१८२ मेगाहर्ट्झवर टीएससी (प्रोसेसरमधला ठोके मोजणारा काउंटर) एकदा मोजून घेतो, आणि प्रोसेसरचा वेग बदलला तरी टीएससी स्थिर राहतो का हे सीपीयूआयडीला विचारूनच त्यावर विसंबतो.

नवे प्रोसेसर आता काहीच छापत नाहीत. आपली माहिती स्लॉटमध्ये ठेवतात. सगळे आल्यावर मुख्य ती क्रमाने छापतो. आधी अकरा जणांना एकापाठोपाठ उठवायला सेकंदाहून थोडं जास्त लागत होतं, कारण प्रत्येकाचे १० अधिक ८३. आता नव्या मशीनवर १४ मिलिसेकंद.

२६ जुलै

म्हातारा पाऊस, रिपरिप. कालपासून खऱ्या मशीनवर बूटची माळ लावलीये: उठ, सगळ्यांचे क्रमांक तपास, रीसेट. ६०० बूट, एकही गोठलं नाही. क्यूएमूवर यादृच्छिक उशीर घालून आणखी २००० वेळा. त्यात काही वेळा प्रोसेसर ‘सोडून दिला’ झाला, उशिरा उठला आणि ठरल्याप्रमाणे गप्प थांबला. कागदावर काढलेली ती पाचवी स्थिती लॉगमध्ये खरोखर घडताना पाहिली तेव्हा हात थांबला माझा.

फाइल ४१० ओळींची झाली. थांबण्याची ठिकाणं तीन: दोन कागदावरची, एक टाइमआउट. तिन्हींवर कोण कशाची वाट पाहतोय ते लिहिलंय.

१ ऑगस्ट

बंदी उठली. पहाटे खाडीतून होड्या निघाल्या, मी डिझेलच्या पावत्या घेऊन बंदरावर. सगळ्या गेल्या नाहीत. वारा पडला नाही, तर काहीजण नारळी पौर्णिमेपर्यंत थांबतील.

भाची परवा रत्नागिरीला परतली. रिस्क-फाइव्हचं काम तिच्याकडे दिलंय. तिथे ट्रॅम्पोलिनची गरज नाही: हार्ट (तिथला एकेक प्रोसेसर) सुरू करण्याच्या फर्मवेअर कॉलमध्ये सुरुवातीच्या पत्त्याबरोबर आपलं एक मूल्य देता येतं, ते नव्या हार्टला ए१ रजिस्टरमध्ये मिळतं. म्हणजे स्लॉटचा पत्ता हाकेबरोबरच, शोधाशोध नाही. स्थितीच्या पाच पायऱ्या मात्र तशाच वापरता येतील असं दिसतंय. दुपारी तिचा संदेश आला: “मामा, दोन हार्ट उठले. तिसरा ‘हाक मारली’वर अडकलाय. टाइमआउट वाढवलेला नाही, कारण शोधतेय.”